कृपया हात न हलवता बोलावे

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वृत्तवाहिनीने स्टुडिओतलं टेबल, भिंती आणि निवेदिकेच्या मागचं मुंबई शहर रद्द करून त्या जागी एक हिरवा पडदा आणि चोवीस सेन्सर बसवले. स्टुडिओत हात हलवला की घरच्या टीव्हीवर पाहिजे ते चित्र येई. माणसं मात्र तूर्त खरीच ठेवण्यात आली.

रविवारी दुपारी एकच्या थेट कार्यक्रमात मासळीवाल्या मथुराबाईंना बोलावलं होतं. कोळीवाड्याच्या नाक्यावरचा त्यांचा बाजार सोमवारी पाडायचा होता. पालिकेचे अधिकारी सुयोगसाहेब स्वतःच्या घरून व्हिडिओवर हजर होते. त्यांच्याकडून सगळ्यांदेखत ‘पाडत नाही’ एवढा शब्द घ्यायचा, असं बाजारातल्या बायकांनी मथुराबाईंना बजावून पाठवलं होतं.

“साहेब, आमचा बाजार...” म्हणत मथुराबाईंनी सवयीने हात फिरवला. तीस वर्षं मासळीवरच्या माशा हाकलत आलेला हात तो. सेन्सरच्या नियमावलीत ही खूण ‘पुढचा विषय’ अशी होती. बाजाराचं चित्र गेलं, हवामान आलं. पुन्हा हात फिरला, क्रिकेट आलं. तिसऱ्यांदा खुद्द साहेबच गेले आणि पनीरची पाककृती आली. इतकी सुखाची सुनावणी आपण नोकरीत कधी अनुभवली नव्हती, असं साहेबांनी नंतर कळवलं.

जाहिराती लागल्यावर निवेदिका जान्हवी धावत आली. “मावशी, हात मांडीखाली ठेवा ना जरा.”

हात दाबून आपण नवऱ्याशीसुद्धा कधी भांडलो नाही, असं मथुराबाई म्हणाल्या. पण प्रश्न बाजाराचा होता. हात मांडीखाली गेले.

आता नियम क्रमांक सात आडवा आला. चाळीस सेकंद न हललेली वस्तू फर्निचर समजावी आणि तिच्या जागी काहीतरी शोभिवंत दाखवावं. ओठ सेन्सरच्या हिशेबात नव्हते. समोरच्या टीव्हीवर स्वतःच्या खुर्चीत मनीप्लांटची कुंडी पाहून मथुराबाईंनी विचारलं, “ही कोण गो?” तरी त्या बोलत राहिल्या. ती जागा आमचीच राहू द्या, असं कुंडी कळवळून सांगत होती. पानं थोडी थरथरली. ती एसीमुळे, अशी तांत्रिक विभागाची नोंद आहे.

साहेब विरघळले. “झाडांसाठी ती जागा मोकळी करून द्यायला आम्ही बांधील आहोत,” ते म्हणाले. “उद्याच.”

जान्हवीला राहवलं नाही. वाहिनीने घरोघरच्या टीव्हींनाही सेन्सर जोडलेले होते. तिने प्रेक्षकांनाच विनंती केली: बाजार राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढच्या तीस सेकंदांत फक्त उठून उभं राहावं. बोलायचं नाही, सही नाही, कुठे जायचंही नाही.

तीस सेकंदांनी आकडा आला. शून्य. मग जाहिरात लागली आणि नऊ लाख माणसं एकदम उठली. पण तोवर मुदत संपली होती.

सोमवारी बाजार पाडला गेला. कागदावर कारण लिहिलं, ‘लोकांची हरकत नाही’.

तुम्हीही होतात की त्या नऊ लाखांत. मथुराबाईंकडचंच पापलेट खाऊन हात पार वाळला होता, तो धुवायला उठलात.