पलंगाखालचा इसम

रक्ताच्या डागावरून खुनी कुणीही शोधेल. धुळीवरून माणूस ओळखणारा गुप्तहेर जगात एकच आहे आणि तो आपण, याबद्दल आमच्या गुप्तहेरांना तिळमात्र शंका नव्हती. जगालाही नव्हती, कारण जगाला ही गोष्ट कुणी कळवलीच नव्हती. घारीची नजर, मुंगीचं नाक आणि हत्तीची स्मरणशक्ती असा सगळा प्राणिसंग्रह त्यांच्या एका देहात सुखाने नांदत होता. फक्त चष्मा कुठे ठेवला हे आठवायला बायको लागायची.

नोकरी त्यांनी वीजमीटर वाचण्याची केली. लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपता टिपता घराघरातली धूळ नाकात गेली आणि तिथे शास्त्र होऊन बसली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवायला घेतले. लोखंडी पोटाची, पितळी तोंडाची, कापडी पिशवीची धुडं ते जुन्या बाजारातून उचलून आणत, उघडत, घासत, तेल घालून पुन्हा जोडत. जोडून झाल्यावर दोन-चार भाग हमखास उरत. "हे जादाचेच होते," असं ते म्हणत. पण खरी मजा दुरुस्तीत नव्हतीच. पिशवीतली धूळ वर्तमानपत्रावर ओतायची आणि भिंग लावून आधीच्या मालकाची सगळी अंडीपिल्ली बाहेर काढायची, यात ती होती.

"माणूस खोटं बोलतो," ते म्हणत. "त्याची धूळ खोटं बोलत नाही."

"धूळ मुळात बोलतच नाही, भाऊजी," मेहुणा म्हणे आणि स्क्रूड्रायव्हर पुढे करी. हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ आणि गुप्तहेर खात्याचा एकमेव बिनपगारी सहायक.

हे प्रकरण सुरू झालं ते समोरच्या घड्याळवाल्यांमुळे. रस्त्यापलीकडे त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि वर घर. रोज संध्याकाळी ते गुप्तहेरांकडे चहाला आणि बुद्धिबळाला येत. गुप्तहेर रोज हरत आणि रोज "मुद्दाम सोडला डाव" म्हणत, तरी मैत्री टिकली होती, यावरून घड्याळवाल्यांच्या स्वभावाची कल्पना यावी. एक दिवस ते लांबट, पितळी पट्ट्यांचा एक जुना व्हॅक्यूम क्लीनर छातीशी धरून आले.

"बायको गेल्यापासून याला हात लावलेला नाही," ते म्हणाले. "रोज दुपारी ती हा लावायची आणि मी खालून ओरडायचो, 'अगं, बंद कर ते, मला टिकटिक ऐकू येत नाहीये!' ती म्हणायची, 'मग मोठी घड्याळं घ्या दुरुस्तीला.' आता टिकटिकीशिवाय काही ऐकूच येत नाही हो. तुम्ही ठेवा हा. पैसेबिसे नकोत. फक्त एकदा चालू करून त्याचा आवाज ऐकवा मला."

गुप्तहेरांचे डोळे भरून आले. त्यांनी शब्द दिला. आणि शब्द दिल्यावर बरेच लोक करतात तेच केलं, यंत्र कोपऱ्यात ठेवून दिलं. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या मोटरला एकदम वीज द्यायची नसते, आधी वायर तपासायची, तेल घट्ट झालंय का बघायचं, हे या छंदातलं पहिलं पथ्य. ते त्यांनी इतकं कडक पाळलं की घड्याळवाले रोज चहाला "झालं का?" विचारत आणि हे रोज "घाई नको" म्हणत.

अखेर एका सकाळी त्यांनी मेहुण्याला बोलावलं, वर्तमानपत्र पसरलं आणि यंत्राची पिशवी उपडी केली. भसकन राखाडी ढीग पडला. गुप्तहेरांनी भिंग लावलं आणि त्यांची मिशी थरथरली.

"ही धूळ ताजी आहे!"

"शिळी कशी असते?"

"जुन्या धुळीची दबून वडी होते. ही भुरभुरतेय. कुणीतरी हे यंत्र अलीकडेच वापरलंय. आणि घड्याळवाले म्हणतात, हात लावलेला नाही! का म्हणतात?"

मेहुण्याने ढिगाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत ताईने चहा ठेवला होता. चहा येईपर्यंत खरं उत्तर सांगायचं नाही, हे सहायकगिरीतलं पहिलं पथ्य.

गुप्तहेरांनी चिमटा घेतला. आधी निघाला पितळेचा कीस.

"हा इसम कानशीने पितळ घासतो. पितळ कोण घासतं? चोरून किल्ल्या बनवणारा दरोडेखोर."

"किंवा घड्याळवाला."

"किंवा दरोडेखोर घड्याळवाला," गुप्तहेर गंभीरपणे म्हणाले. त्यांनी स्वतः कालच एका यंत्राचं पितळी तोंड दिवसभर घासलं होतं, पण थोर माणसं पुराव्याच्या आड स्वतःला येऊ देत नाहीत.

मग निघाले चार आखूड केस, टोकाला कुळकुळीत काळे आणि बुडाशी पांढरे. "मिशी रंगवतो लेकाचा! वयाशीसुद्धा प्रामाणिक नाही. पण घड्याळवाल्यांना मिशीच नाही. म्हणजे साथीदार आहे. वरच्या मजल्यावर दडवलेला. या चार केसांवर आख्खी केस उभी राहते बघ." असले विनोद ते ऐन तपासातही करत आणि मेहुणा नात्यापोटी सोसत असे.

"क्रीमच्या बिस्किटांचा चुरा," गुप्तहेर पुढे म्हणाले. "गादीच्या कापसात गुंतलेला. म्हणजे पलंगाखालून निघालाय. राजरोस खाणारा माणूस टेबलाशी बसून खातो. पांघरुणात लपून कोण खातो? ज्याची साखर डॉक्टरांनी बंद केलीय तो. आणि याच्या बायकोला वाटतंय, हा पथ्य पाळतोय!"

"अस्सं?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अस्संच!" गुप्तहेरांनी खणखणीत उत्तर दिलं.

तळाशी एक इवलासा पितळी स्क्रू निघाला. तो पाहून त्यांनी टाळीच वाजवली. आठवडाभर ते अगदी असाच एक स्क्रू घरभर शोधत होते. त्यांनी तो लगेच बाजूच्या अर्धवट जोडलेल्या यंत्रात बसवून पाहिला. चपखल बसला. "याला म्हणतात नशीब!" ते म्हणाले. मेहुण्याने सुपारीची पुडी शोधावी तसे खिसे चाचपायला घेतले, कारण हसू लपवायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

शेवटी चिमट्यात आले काही लांब केस. बुडापासून टोकापर्यंत पांढरेशुभ्र. गुप्तहेरांचा आवाज एकदम हळवा झाला.

"या घरात एक बाई आहे. हा गृहस्थ वाटेल तिथे कीस सांडतो, स्क्रू टाकतो, चुरा पाडतो आणि ती वाकून वाकून त्याच्या पलंगाखालून सगळं काढते. तिचे केस पांढरे होऊन गेले तरी या आंधळ्याला पत्ता नसेल. मला त्या बाईची फार दया येते."

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "खरंच येते?"

"अगदी मनापासून," गुप्तहेर म्हणाले आणि त्यांनी मेहुण्याला रस्त्यापलीकडे पिटाळलं.

घड्याळवाले हातातलं काम टाकून, धापा टाकत आले. त्यांना वाटलं, यंत्र चालू झालं. गुप्तहेरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, स्वतःचे हात पाठीमागे घेतले आणि कीस, मिशी, बिस्किटं असा सगळा आरोप सविस्तर मांडला. ऐकता ऐकता घड्याळवाल्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे मी खोटं बोललो? तिच्या वस्तूबद्दल?" ते उठले. "द्या माझं यंत्र. आवाजही नको आणि तुमचा चहाही नको मला."

गुप्तहेरांच्या डोळ्यांपुढे संध्याकाळच्या रिकाम्या खुर्चीचं चित्र आलं. पण एकदा पुढे टाकलेलं पाऊल मागे घेणं त्यांना बुद्धिबळातही कधी जमलं नव्हतं. "आधी त्या मिशीवाल्याला हजर करा!" ते ओरडले.

बायकोने ट्रे खाली ठेवला. "तो हजर आहे."

"कुठे?" गुप्तहेरांनी झटकन पडद्यामागे पाहिलं.

"तिथे काय बघता? आरशात बघा. अहो, माझा रोजचा व्हॅक्यूम क्लीनर तुम्ही उघडलात. त्याची वायर एकाला लावलीत, नळी दुसऱ्याला. घरात डझनभर यंत्रं आणि केर काढायला एक नाही! तुम्ही जुन्या बाजारात गेलात की मी हा घड्याळवाल्यांचा लावते. पहिल्यांदा उघडला तेव्हा पिशवी कोरी करकरीत होती."

"ती रोज झटकून ठेवायची," घड्याळवाले हळूच म्हणाले.

"म्हणजे या ढिगातला कणन् कण आमच्या घरचा. बिस्किटांसकट."

"पण एकदम वीज द्यायची नसते गं," गुप्तहेर पुटपुटले.

"मी प्लग लावला, बटण दाबलं. चाललं."

मेहुण्याने तेवढ्यात चहा संपवला. गुप्तहेरांचा हात मिशीकडे गेला आणि तिथून घाईघाईने परत आला. मग त्यांनी वर्तमानपत्रावरच्या त्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि मान वर करून बायकोकडे.

"इतके पांढरे कधी झाले?"

"झाले हळूहळू. तुमचं भिंग दुसरीकडे होतं."

गुप्तहेरांना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची खरोखर लाज वाटली. ते घड्याळवाल्यांपुढे जाऊन उभे राहिले. "चुकलो मी. दरोडेखोर, लबाड, आंधळा, सगळं मीच. उद्या चहाला येणार ना?"

घड्याळवाल्यांनी त्यांना निरखून पाहिलं. "मिशी रंगवता होय? मला वाटायचं, खरीच काळी आहे." मग ते गुप्तहेरांच्या बायकोकडे वळले आणि त्यांचा आवाज अगदी खाली आला. "वहिनी, चालतं म्हणालात ते?"

त्यावर गुप्तहेरांनी कुणालाही काही करू दिलं नाही. पिशवी स्वतः झटकली, स्वतः बसवली. बायकोला आपल्या आरामखुर्चीत बसवून तिच्या हातात चहा दिला. यंत्र आतल्या खोलीत नेलं, नळी घेऊन आपल्या बाजूने पलंगाखाली शिरले आणि तिथून मेहुण्याला हुकूम सोडला, "दाब बटण!"

यंत्र घरघरलं, खाकरलं आणि मग घर दणाणून सोडत गरजायला लागलं. घड्याळवाले दारात खिळून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द कुणालाच कळेना. मग त्यांनी छातीत दम भरला आणि डोळ्यांतलं पाणी न पुसता, सगळा जीव एकवटून ते ओरडले, "अगं, बंद कर ते! मला टिकटिक ऐकू येत नाहीये!"

मेहुण्याचा हात बटणाकडे गेला. ताईने खुर्चीतूनच मानेने नको म्हटलं. गुप्तहेर नळी घेऊन आणखी आत सरकले. पलंगाखाली अजून बरंच होतं.