बाबूजींचा आंतरराष्ट्रीय परवाना

कागदपत्रांच्या कामात माझ्या हातून चूक होऊच शकत नाही, असं मी १९५७ सालच्या दिवाळीत आमच्या ओसरीवर उभं राहून दहा माणसांना सांगितलं होतं. दहांपैकी एकही हसला नाही, हे आमच्या गावचं मोठेपण! मी गोंदियाला मुलींच्या शाळेत शिकवत होते, नागपूरहून पुस्तकं मागवत होते, आणि सडक अर्जुनीपासून दीड कोसावरच्या आमच्या गावात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच होते. त्यामुळे माझं इंग्रजी कसं आहे हे तपासायलाही कुणी नव्हतं.

बाबूजींना जाऊन आता चार महिने झाले. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी डोळे पुसतो, मग पाणी पितो आणि मग शिवेवरची गोष्ट काढून हसायला लागतो. उदाराम हत्तीमारे वाजतगाजत नेपाळला कसे निघाले आणि गावाच्या शिवेपलीकडे अकरा दिवस कसे अडकून पडले! मीही हसते. ते कुणामुळे अडकले, हे मात्र मी गावाला आजवर सांगितलेलं नाही.

बाबूजींकडे एक जीप होती. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली. तिला छप्पर नव्हतं, दिवा एकच होता आणि मागे जायचा गिअर ती बहुधा लढाईतच हरवून आली होती. लष्कराच्या गाडीला माघार घेता येऊ नये, हे मला फार उदात्त वाटे! गाडी वळवायची झाली की बाबूजी सरळ आमच्याच गावच्या कवडूकाकांच्या शिवेपलीकडच्या बांधीत उतरत, धानाच्या धसकटांवरून एक गोल फेरी मारत आणि पुन्हा सडकेला लागत. यावरून दोघांचं वर्षातून चारदा तरी वाजे. पण अडलेल्या बाया, साप चावलेली माणसं, नवरदेव, सगळे त्याच जीपमधून गेले. ठाण्याचा हवालदारसुद्धा.

त्या दिवाळीत मी एका इंग्रजी मासिकातला लेख ओसरीवर वाचून दाखवत होते. एक गोरं जोडपं स्वतःच्या मोटारीनं लंडनहून कलकत्त्याला आलं होतं. ऐकता ऐकता बाबूजी म्हणाले, "पशुपतिनाथ पाहाले भेटला तं बरं होईन."

एवढंच म्हणाले. मी उडालेच! "जीपनंच जा, बाबूजी! काठमांडूपर्यंत आता सडक झाली आहे!"

"जीपनं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या जीपकडे पाहिलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. आनंदानं, असं मला वाटलं.

"कागदांचं सगळं माझ्याकडे लागलं! परदेशात गाडी न्यायची म्हणजे चालवणाऱ्याला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. शिवाय गाडीचं एक वेगळं पुस्तक. गाडी तिकडे विकून येणार नाही, परत आणीन, अशी हमी. गाडीचा पासपोर्टच म्हणा!"

"गाडीले पासपोर्ट अन् मले रेशनचं कार्डही नाही!" माय आतून म्हणाली.

बकारामकाका, बाबूजींचे लहानपणापासूनचे सोबती, विचारात पडले. "नेपाळ म्हंजे परदेश काय, बाई?"

"परदेशच!"

"पन तिथला देव तं आपला हाय."

"देव आपला, काका, सडक त्यांची!"

यावर ओसरीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बकारामकाका म्हणाले, मग मीही येतो. माय म्हणाली, त्या खटाऱ्यात मी बसत नाही, दोघं म्हातारे जा.

आंतरराष्ट्रीय परवाना मुंबईची एक मोटारवाल्यांची संस्था देत असे. मी पत्र टाकलं. फॉर्म आला. त्यात डॉक्टरचा दाखला मागितला होता, उघड्या डोक्याचे फोटो मागितले होते आणि देशातल्या परवान्याची नक्कल मागितली होती. फोटोसाठी मी बाबूजींना गोंदियाला नेलं. ते फेटा काढेनात.

"उघड्या डोक्यानं मानूस बाप मेल्यावर बसते, पोरी!"

"नियम आहे, बाबूजी!"

"तिकडच्या शिपायाले माह्या डोक्याचं काय करायचं हाय?"

शेवटी त्यांनी फेटा काढून मांडीवर घट्ट धरला. फोटोत ते असे दिसतात, की त्यांना कुणीतरी पकडून आणलं आहे. पकडून आणणारी मीच होते.

मग मी परवाना मागितला. बाबूजी बराच वेळ पेटी उचकत राहिले.

"उधईनं खाल्ला वाटते," ते पेटीतच तोंड घालून म्हणाले.

परवान्याला वाळवी लागली, तर घाबरायचं काय? मी त्यांना न सांगता भंडाऱ्याच्या कचेरीला पत्र लिहिलं. शब्दकोश बाजूला ठेवून, दोनदा खरडा करून, निळ्या पाकिटात घालून! माझे वडील श्री. उदाराम हत्तीमारे गेली नऊ वर्षं राष्ट्रीय महामार्गावर रोज जीप चालवत असून आजवर त्यांच्या हातून एकही अपघात झालेला नाही, त्यांचा परवाना गहाळ झाला आहे, तरी कृपया नक्कल तयार ठेवावी, ते अमुक तारखेला सकाळी गावाहून निघतील आणि दुपारी स्वतः ती घ्यायला येतील. जीपचा नंबरही दिला. रंगही दिला. नक्कल तिथूनच मुंबईला धाडायची आणि आंतरराष्ट्रीय परवाना वाटेतल्या पोस्टात मागवायचा, असा माझा बेत होता.

महाशिवरात्रीच्या अकरा दिवस आधी निघायचं ठरलं. आमच्याकडे दूरच्या तीर्थाला निघालेल्या माणसाला गाव निरोप देतं तो लग्नाच्या वरातीसारखा. आठवडाभर घरोघरी जेवणं झाली. बाया पाय धुऊ लागल्या. ज्यांनी कधी भांडण केलं होतं त्यांनी येऊन माफी मागितली. फक्त कवडूकाका आले नाहीत. ते म्हणाले, माझी बांधी त्यानं तुडवली, माफी त्यानं मागावी. आणि यातला मुख्य नियम असा, की निरोपाचा नारळ घेऊन शीव ओलांडली की देवाचं दर्शन झाल्याशिवाय घराच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. लावला तर सगळ्या गावाला बाधतं.

निघायच्या दिवशी भजनी मंडळी पुढे, जीप मधे, बाया मागे, अशी मिरवणूक शिवेवरच्या नाल्यापर्यंत गेली. बाबूजींनी नारळ घेतला, बकारामकाकांनी घेतला, जीप नाला ओलांडून सडकेला लागली. तेवढ्यात समोर बस थांबली आणि तिच्यातून खाकी टोपीचा एक साहेब उतरला.

"उदाराम हत्तीमारे कोण?"

"हेच, हेच!" सगळे ओरडले. बाबूजींना निरोप द्यायला सरकारनं माणूस पाठवला, यात कुणाला काडीची शंका आली नाही. साहेब काही बोलायच्या आत त्याच्या कपाळाला टिळा लागला, गळ्यात झेंडूचा हार पडला, हातात नारळ आला. बकारामकाका जीपमध्ये उभे राहून म्हणाले, "आज दिल्लीनंही आपल्या गावाची दखल घेतली!"

"मी भंडाऱ्याहून आलोय," साहेब हारातून मान काढत म्हणाला. "मोटार इन्स्पेक्टर. लायसन दाखवा."

टाळ थांबले. बाबूजींनी एक खिसा पाहिला, दुसरा पाहिला, फेट्यातही हात घालून पाहिला.

"उधईनं..."

"उधईनं खायला ते आधी काढावं लागतं! आमच्या दप्तरात तुमचं नावच नाही. नऊ वर्षं बिनपरवाना गाडी चालवताय, असा लेखी अर्जच आलाय."

आणि त्यानं खिशातून निळं पाकीट काढलं.

माझ्या पायाखालची वाळू नाल्यात वाहून गेली.

"कोनं लिहिला जी?" बकारामकाकांनी विचारलं.

"नाव सांगता येत नाही. पण इंग्रजी असं फर्मास, की आमच्या साहेबांनी पुन्हा वाचायला लावलं."

खरं सांगते, त्या क्षणीही मला आत कुठेतरी बरं वाटलं. याची लाज सगळ्यात जास्त.

"कवडू!" गर्दीतून एकजण ओरडला. "त्याचंच काम! बांधीचा राग काढला!"

आपल्या खळ्यावर उभे असलेले कवडूकाका गांगरले. "मी? मले मराठीतलं 'क' येत नाही, मी इंग्रजीत कायले लिहू?"

"गोंदियातून लिहवून आनला असंन! प्रेमिलाबाई, तुमी गोंदियात राहता, शोध लावा बरं, असं इंग्रजी कोन लिहून देते!"

मी म्हणाले, "लावते."

म्हणजे बघा! बोलायची वेळ होती आणि मी 'लावते' म्हणाले! बाबूजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते जीपचं चाक बघू लागले.

गळ्यात हार असल्यामुळे इन्स्पेक्टरला खटला भरणं जड गेलं असावं. तो म्हणाला, "मी मंगळवारी सडक अर्जुनीला येणार आहे. तिथं परीक्षा द्या, लायसन घ्या. तोवर गाडीला हात लावायचा नाही. आता घरी जा."

"घरी कसा जाऊ, साहेब? मी तं जाऊन राहिलो ना!"

"कुठं?"

"नेपाळले!"

साहेबानं शिवेकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं आणि तो पुढच्या बसनं निघून गेला.

शिवेपलीकडे डोक्यावर छप्पर म्हणावं अशी एकच जागा होती: कवडूकाकांच्या खळ्यावरची झोपडी. ज्यानं तक्रार केली असं गाव म्हणत होतं, त्याच्याच दारात दोन यात्रेकरूंनी वळकट्या टाकल्या! रोज सकाळी माय शिदोरी घेऊन नाल्याच्या अलीकडे उभी राही.

"पोचले का जी नेपाळले?"

"भाजी काय हाय?" बाबूजी पलीकडून विचारत.

"तिकडची थंडी कशी हाय म्हनते मी!"

गावातल्या बाया कवडूकाकांच्या बायकोशी बोलेनाशा झाल्या. न्हाव्यानं कवडूकाकांची अर्धी दाढी तशीच ठेवली. मी रजा वाढवून घरी बसले आणि रोज ठरवलं, की आज सांगायचं. रोज कुणीतरी विचारी, "बाई, लागला का शोध?" आणि मी म्हणे, "चालू आहे."

मंगळवारी जीप परीक्षेला नेली ती कवडूकाकांच्या बैलांनी ओढत. ट्रकवाले ढाब्यातून बाहेर येऊन बघत होते.

"उजवीकडे वळताना काय करता?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"राम राम करतो. मानूस आपोआप बाजूले होते."

"बरं. आता गाडी मागे घ्या."

"कायले?"

"परीक्षा आहे!"

"मागं काही काम नाही ना, साहेब!"

इन्स्पेक्टरनं गिअर स्वतः हलवून पाहिला, तो त्याच्या हातातच आला. तो दांडा त्यानं बाबूजींच्या हातात ठेवला. परीक्षा संपली.

महाशिवरात्र आली. अकरा दिवस चटणीभाकर खाऊन बकारामकाकांना अचानक शास्त्र आठवलं. "शंकर शंकरच हाय, बापा. प्रतापगडचा काय अन् नेपाळचा काय!" प्रतापगडची जत्रा आमच्याच भागातली. कवडूकाकांनी बैलगाडी जुंपली, दोघं दर्शन घेऊन आले आणि उंबरा ओलांडून घरात शिरले. जीप खळ्याच्या कडेला उभी राहिली. बाबूजींनी तिला पुन्हा हात लावला नाही. नेपाळचं नावही काढलं नाही. मी गोंदियाला परत गेले. एका हुशार मुलीनं बापाची एकुलती एक इच्छा मोडली होती, आणि तिच्याऐवजी दुसराच माणूस शिव्या खात होता.

गेल्या पौषात बाबूजी गेले. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी नाला ओलांडून खळ्यावर गेले. कवडूकाका धान पाखडत होते.

"काका, तो अर्ज मी लिहिला होता."

सूप थांबलं नाही. "मालूम हाय."

"कसं?"

"उदारामनं सांगतलं. त्याच दिवशी. इंग्रजी कागद आपल्या गावात दुसरं कोन लिहिन, बाई? माहे बैल?"

"मग दोन वर्षं तुम्ही का ऐकून घेतलंत?"

"हात जोडले त्यानं. म्हने, पोरगी मास्तरीन हाय, लोक हसतीन तिले. तुले तं लोक तसेही शिव्या देतेत."

मी सुपाबाहेर उडालेले दाणे वाकून वेचले. मग म्हणाले, "माझ्यामुळे त्यांचं नेपाळ राहिलं."

आता सूप थांबलं.

"कोनाचं नेपाळ?" कवडूकाका म्हणाले. "त्याले त्या जीपनं साकोलीच्या पुढं जायचं भेव लागे! नागपूरले कधी नेली का त्यानं ते गाडी? बसनं जाये. तूनं फोटो काढले, कागद जमवले, तारीख धरली. एवढं केल्यावर पोरीले नाही कसं म्हनू, म्हनून निंगला बिचारा. साहेबानं अडवलं तं मले म्हने, कवडू, पशुपतिनाथ इथंच पावला!"

मी धानाच्या राशीशेजारी खाली बसले. दोन वर्षं मी जिची लाज बाळगली, ती गोष्टच चुकीची निघाली. फॉर्ममध्ये डॉक्टर होता, फोटो होता, उघडं डोकं होतं. बाबूजींना जायचं आहे का, हे विचारायचं माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. आता नव्यानं, पहिल्यापासून लाजायला हवं होतं.

कवडूकाकांनी मला पाणी दिलं. मी प्याले. डोळे पुसले.

"बरं झालं आली," ते म्हणाले. "तलाठ्याले येक अर्ज द्याचा होता."

"देते ना, काका. आत्ता लिहिते."

"हाव," कवडूकाका सूप उचलत म्हणाले, "पन आधी मले इचारून लिहिजो."