आप्पासाहेबांनी पास केलेला शार्क

"जगातलं कुठलंबी जनावर मारकं का गरीब, हे मी एका नजरंत सांगतो," असं आप्पासाहेबांनी जाहीर केलं, तेव्हा सकाळी शेळीनं ढुशी दिलेल्या त्यांच्या कमरेला केवळाबाई तेल चोळत होत्या.

देवणी गावच्या जनावरांच्या प्रदर्शनात पंचाची खुर्ची कितीतरी वर्षं आप्पासाहेबांकडेच होती. त्यामुळे घरात शार्कचा प्रश्न निघाला, तेव्हा तोही रीतसर त्यांच्यापुढेच आला. मुलगा दयानंद आणि नवी सून सुकन्या अंदमानला निघाले होते. सुकन्या नांदेडची, कॉलेजात पोहण्याची बक्षिसं मिळवलेली. तिला पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायचं होतं. केवळाबाईंना ते मुळीच पटत नव्हतं.

"तिथं शार्क ऱ्हातेत म्हनं. गिळलं म्हंजे?"

"सगळेच तसले नसतात, मामी," सुकन्यानं सासूला समजावलं.

"दाव बरं," आप्पासाहेबांनी चष्मा लावला.

सुकन्यानं मोबाइलवर एकेक शार्क समोर आणला. ग्रेट व्हाइट. "मारका. डोळ्यातच दिसून राहिलंय." टायगर शार्क, पुढ्यात येईल ते तोंडात घालणारा. "हे दुसऱ्याच्या उसात शिरनारं जनावर. लांबच ऱ्हायाचं." मग बुल शार्क आला. तो नदीतसुद्धा शिरतो म्हटल्यावर केवळाबाईंनी घाबरून विचारलं, "आपल्या मांजरा नदीत बी?" आप्पासाहेबांचं दुखणं वेगळंच होतं. "बैलाचं नाव आन असले धंदे? नाव बदला म्हनाव त्याचं." व्हेल शार्क एसटीएवढा असूनही बारीकसारीक जीव गाळून खातो, हे ऐकून मात्र ते हळवे झाले. "जातिवंत! थोराड आन गरीब."

शेवटी नर्स शार्क. तपकिरी, तोंडाशी मिशा, तळाला वाळूत लोळत पडणारा.

"ह्याच्यावर लेकरू बशीवलं तरी काय करनार न्हाई. जावा बिनघोर."

"पण हात लावायचा नाही, मामा. छेडलं तर चावतो म्हणतात."

"त्याला कोन छेडतंय?" म्हणत दयानंदानं दारात आडव्या बसलेल्या बैलाचं शेपूट पिरगाळलं. बैल मुकाट उठला, दयानंद बॅग घेऊन बाहेर पडला. आप्पासाहेबांनी आपला निवाडा संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवरही ऐकवून टाकला.

दयानंद परतला तो उजवा हात गळ्यात अडकवूनच. नर्स शार्कनं मनगट धरलं होतं, चांगले टाके पडले होते. "एकदम अंगावरच आला," एवढं तो सांगायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. सुकन्या काहीच बोलायची नाही. नवऱ्यानं तिला शपथ घातली होती.

देवणीला एवढं पुष्कळ होतं. प्रदर्शनाच्या दिवशी मांडवाबाहेर 'शार्कला लोळवणारा देवणीचा वाघ' असा फलक झळकला. वळूंची निवड सुरू होण्याआधी सूत्रसंचालक रामकिशननं दयानंदाला मंचावर बोलावलं आणि त्याच्या अंगावर भरजरी शाल पडली. टाळ्या थांबायच्या आत उदगीरकडचे शिवप्पा उठले. आप्पासाहेबांच्या खुर्चीवर त्यांचा जुना डोळा होता.

"सत्काराला आपली ना न्हाई. पर त्यो मासा गरीब म्हनून पास कुनी केला? आप्पासाहेबांनीच की! ज्याला सवताच्या लेकराला चावनारं जनावर वळखू आलं न्हाई, त्यानं आमचे वळू बघायचे?"

"हाव, बराबर हाय," मागून दोघं-तिघं बोलले.

आप्पासाहेब खुर्चीच्या हातावरून नुसता तळवा फिरवत राहिले, दावणीतून विकायला काढलेल्या जनावरावरून फिरवावा तसा. सुकन्यानं नवऱ्याकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं आणि मोबाइल पुढे केला.

"मामा, बोलायचं नाही अशी शपथ आहे मला. दाखवायचं नाही असं काही ठरलं नव्हतं."

"सुकन्या, नको!" मंचावरचा वाघ ओरडला.

पण रामकिशनला असल्या कामाची भारी हौस. त्यानं मोबाइल मोठ्या पडद्याला जोडला आणि पाण्याखाली घेतलेला व्हिडिओ लावला.

निळं पाणी. खाली वाळूत शार्क, गोठ्यातल्यासारखा निवांत. बाजूनं दयानंद तरंगत आला. सोबतचा पाणबुड्या दोन्ही हात हलवून नको-नको म्हणत होता. दयानंद थबकला, वाकला, आणि जन्माच्या सवयीनं त्याचा हात शेपटाकडे गेला. त्यानं ते नीट धरलं आणि पिरगाळलं. तोंडातून बुडबुड्यांची माळ निघाली. पाण्यातलं बोलणं ऐकू येत नाही, पण मांडवातल्या प्रत्येक शेतकऱ्याला "हैऽऽ, ऊठ!" स्पष्ट ऐकू आलं.

शार्क उठला.

पुढचं आप्पासाहेबांशिवाय कुणी नीट पाहिलं नाही. हसता हसता दोन म्हातारे बाकासकट मागे गेले होते.

"बघा, बघा!" आप्पासाहेब कंबर विसरून उभे राहिले. "पिरगाळस्तोवर हाललाय का? मी काय म्हनलो होतो?" सख्ख्या मुलाच्या मनगटाला दात लागताना बघून एवढा आनंदलेला बाप देवणीनं पूर्वी पाहिला नव्हता.

शिवप्पांनी डोळे पुसले आणि हात जोडले. "चुकलं माझं, आप्पासाहेब. मासा गरीबच हाय. पोरगं मारकं निघालं."

"बसा खाली," आप्पासाहेब आपल्या खुर्चीत ऐसपैस टेकत म्हणाले. "आना वळू."

दयानंद मंचावर तसाच उभा होता. रामकिशननं माइकवर हात ठेवला आणि त्याच्या कानाशी लागला.

"दयानंदराव, तेवढी शाल काढून द्या की. पहिल्या नंबराच्या वळूवर टाकायची हाय."