म्हशाचा बैल आणि माझी दोनशे दहा पानं

मंडळी, मला लोक काहीही म्हणोत, निष्काळजी म्हणू शकत नाहीत. म्हणजे गेल्या पौषापर्यंत तरी म्हणू शकत नव्हते!

सात वर्षं मी एक कादंबरी लिहीत होतो. नाव 'अस्वस्थ क्षितिजाचे अंतरंग'. मुरबाडच्या एका शाळेत मी क्लार्क आहे आणि दाखले लिहून उरलेली सगळी प्रतिभा मी तिच्यात ओतली होती. सहा प्रकाशकांनी ती परत केली. सातवे कल्याणचे. त्यांनी कळवलं, "सोमवारी संध्याकाळपर्यंत छापील प्रत आणून द्या. यंदा एकच जागा उरली आहे." आठवा प्रकाशक माझ्या माहितीत नव्हता, त्यामुळे आता जे काही व्हायचं ते सोमवारीच होणार होतं.

"पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा एकदा," बायको म्हणाली. हर्षालीला माझ्या साहित्यात रस नाही, पण वस्तू जागेवर ठेवण्यात आहे.

"कशाला? क्लाउडवर आहे ना! फोनवर आहे, लॅपटॉपवर आहे. एकीकडे काना-मात्रा बदलली तरी सगळीकडे आपोआप बदलते. घर जळालं तरी कादंबरीला धग लागायची नाही."

"घरात मी पण असेन," ती म्हणाली.

आई सुपात तांदूळ पाखडत होती. "दुसऱ्या घरी नाय ठेवलीस?" तिने विचारलं.

आमच्या आईचा, म्हणजे कमळाबाईंचा, एक कायदा आहे. भाताचं बी एका घरात ठेवायचं नाही. अर्धं आमच्या कणगीत, अर्धं म्हसा गावी ठमीआत्याकडे. एका घरी उंदीर शिरला तरी दुसऱ्या घरचं पेरायला राहतं. मी हसलो. "आई, हे भात नाही. साहित्य आहे."

"बरं," आई म्हणाली आणि कोंडा फुंकला.

शनिवारी मी म्हशाच्या जत्रेला गेलो. आमच्या शाळेचा शिपाई धर्मा बैल घेणार होता, पण ताप आल्यामुळे त्याला येता येईना. त्याने मला बजावलं होतं, "सायेब, ढवळा बैल दिसला तर चालतानाचा व्हिडिओ काढा. मागचे पाय दिसले पायजेत."

बैल दिसला. काय बैल! मी फोन काढला, तर फोन म्हणे जागा नाही.

आता काय काढून टाकायचं? मेहुणीच्या हळदीचे एकशे चाळीस व्हिडिओ होते, पण ते काढले असते तर मला घरातून काढलं असतं. मग दिसला कादंबरीचा फोल्डर. त्यात चोवीस प्रकरणं आणि मी स्वतःच्या आवाजात केलेलं त्यांचं वाचन, त्यामुळे तोच सगळ्यांत लठ्ठ. ती तर क्लाउडवर आहेच, मी म्हटलं, आणि दाबलं. फोनने विचारलं, नक्की? बैल पुढे चालला होता. हो! कचरापेटीही रिकामी करू? हो रे बाबा, हो! मध्ये आणखी काहीतरी चार ओळींचं आलं, तेही न वाचता हो म्हटलं. आणि मागचे पाय असे टिपले की बास!

घरी येऊन प्रिंट काढायला लॅपटॉप उघडला. फोल्डर नाही. क्लाउड उघडलं. तिथेही नाही. एकीकडे बदललं की सगळीकडे आपोआप बदलतं, हे मीच सांगितलं होतं ना? अगदी खरं निघालं.

लपवत नाही, मी रडलो. सात वर्षं हो! बैलाच्या मागच्या पायांपायी! हर्षालीने पाणी आणून दिलं आणि पेनड्राइव्हचा 'प'सुद्धा उच्चारला नाही, हे तिचे उपकार.

"गेल्या दिवाळीत ते कागद दिले होतेस, तेच ना?" आईने विचारलं.

मी वर पाहिलं. दिवाळीत मी कादंबरी छापून तपासली होती आणि दुरुस्त्या लॅपटॉपवर केल्यावर आईला म्हटलं होतं, चुलीत घाल.

"लिवलेला कागद चुलीत घालत्यात का कदी? बियासंगं ठेवला. अर्धा कणगीत, अर्धा ठमीकडं."

मी कणगीत कमरेपर्यंत शिरलो. कोंड्याने माखलेली एकशे पाच पानं निघाली, एकही उंदराने खाल्लेलं नाही. हर्षाली म्हणाली, उंदरांनी वाचून पाहिली असतील.

रविवारी जत्रेच्या गर्दीत जीपच्या मागे लोंबकळत पुन्हा म्हशाला. ठमीआत्या, माझ्या वडिलांची बहीण, सातवी शिकलेली, ओसरीत वाटच पाहत होती.

"आत्या, माझी पानं!"

"देते रं. पण मोकळी नाय देणार."

आता हे आमच्याकडचं दुसरं कलम. कुणाचं बी परत देताना जेवढंच्या तेवढं द्यायचं नाही, सवाईने द्यायचं, वर भर घालून. नाहीतर देणाऱ्या घराला कमीपणा येतो. आत्याने कागदही बियासंगं ठेवले होते, म्हणून त्यांनाही तोच न्याय! माझ्या एकशे पाच पानांमध्ये तिने वहीची सव्वीस पानं घातली होती, निळ्या पेनने लिहिलेली.

"तुझा तो अविनाश तीस पानं नुसता खिडकीत उभा," आत्या म्हणाली. "माजे पाय दुखले वाचून. मंग मी त्याला बैल घ्यायला धाडला."

"आत्या, तो अंतर्मुख आहे!"

"आसंल. बैल हरवल्यावं बोलायला लागतो बग चांगला."

घ्यायची आणि वाटेत काढून टाकायची, असं मी मनात ठरवलं. पण आत्याने सगळा गठ्ठा दाभणाने आणि सुतळीने शिवला होता. पोतं शिवतात तसा! कल्याणच्या बसमध्ये मी दातांनीसुद्धा प्रयत्न केला. शेजारच्या बाई उठून पुढे जाऊन बसल्या. सोमवारी पावणेपाचला मी ते पोतं कणगीतल्या गठ्ठ्यासकट प्रकाशकांच्या टेबलावर ठेवलं आणि तोंड न दाखवता निघालो.

महिन्याने पाकीट आलं. जाडजूड. हर्षालीने मोठ्याने वाचलं: "निळ्या शाईतला मजकूर आम्हाला अतिशय आवडला. बैलाचा भाग तर अप्रतिम. याचंच पूर्ण पुस्तक करावं. टाइप केलेली पानं सोबत परत पाठवत आहोत."

आईने पानं मोजलीही नाहीत. सरळ कणगीचं झाकण काढलं. "ठेव. बी वाया जात नाय."

सध्या दर रविवारी मी म्हशाला जातो. आत्या सांगते, मी टाइप करतो. पेनड्राइव्ह दोन घेतलेत. एक आमच्या घरी, एक आत्याच्या डब्यात, शिवाय एक छापील प्रत हर्षालीच्या कपाटात. आत्याच्या कादंबरीची.

माझी आहे तिथेच आहे. उंदीर अजूनही शिवत नाहीत.