चौथ्या फेरीबोटीचा ठराव

वालारिना गावच्या मोटारसायकल क्लबने टोलाबंगच्या रॅलीला यंदा हायवेने जायचे नाही, असा निर्णय एकमताने घेतला. त्याला कारण होते. मागच्या वर्षी मंडळी हायवेने गेली होती आणि वेळेवर पोहोचली होती. तिथे शेकोटीभोवती जो तो आपण कुठल्या आडवाटेने आलो, कशी वळणे घेतली, कुठे वाट चुकलो हे सांगत असताना वालारिनाकरांपाशी सांगण्यासारखे काहीच नव्हते. क्लबच्या अध्यक्षा ग्लेनिस पॅस्को यांनी वाटेतल्या एका पेट्रोल पंपाचे स्वच्छतागृह फार नीटनेटके होते, असे सांगून पाहिले. पुढे कोणी काही विचारले नाही.

ठरावासाठी डेस ट्रेम्बाथनेही हात वर केला होता, पण त्याचे लक्ष सभेत नव्हते. मागच्या वर्षी त्याच शेकोटीपाशी त्याला नोला क्विलिगन भेटली होती. दोघांचेही जोडीदार जाऊन बरीच वर्षे झाली होती, दोघांनाही बर्गरमध्ये बीट लागत असे आणि बीट न घालणाऱ्यांविषयी दोघांचे मत सारखेच वाईट होते. निघताना नोलाने शेजारच्या घडीच्या खुर्चीवर थाप मारली होती.

“पुढच्या वर्षी शनिवारी अंधार पडेपर्यंत ही तुझ्यासाठी धरून ठेवीन,” ती म्हणाली होती. “नंतर माझी बहीण बसेल. ती एकदा बसली की उठत नाही.”

डेसने वर्षभर त्या खुर्चीचाच विचार केला. त्या दिवशी सभेतही तो तोच करत होता, त्यामुळे हात खाली घ्यायला त्याला थोडा उशीर झाला आणि निसर्गरम्य मार्ग नियोजन उपसमितीवर त्याची नेमणूक झाली.

उपसमितीत तिघे होते. ग्लेनिसबाई निवृत्तीपूर्वी परगण्याच्या कचेरीत होत्या आणि निवृत्त झाल्याचे त्यांना कोणी नीट समजावून सांगितले नसावे. दुसरा रॉली बिकल. त्याचा गावोगावच्या बेकऱ्यांचा अभ्यास होता आणि तो शर्टाच्या गुंड्यांवरून दिसत असे. तिसरा डेस.

पहिल्या बैठकीत ‘निसर्गरम्य’ या शब्दाची व्याख्या झाली. ज्या वळणाचे कारण दिसत नाही ते वळण निसर्गरम्य, असे ठरले. सरळ रस्ते बाद झाले. मात्र सरळ रस्त्यावर पुरेसे खड्डे असतील तर ते चुकवताना वळावेच लागते, म्हणून अशा रस्त्यांना वळणदार धरावे, अशी सवलत देण्यात आली. एकदा वापरलेली वाट पुन्हा वापरायची नाही, हेही ठरले. तीच झाडे दुसऱ्यांदा पाहण्यात काय अर्थ आहे, असा ग्लेनिसबाईंचा सवाल होता.

दुसऱ्या बैठकीत वेळ ठरली. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा त्या वेळी गाडी चालवणे सुरक्षा नियमात बसेना. दुपारी दोननंतर खेड्यांतल्या बेकऱ्या बंद होतात, तेव्हा त्यानंतर गाडी चालवणे रॉलीच्या तत्त्वात बसेना. राहिला तो सकाळचा चहा आणि दुपारची पॅस्टी, म्हणजे सारण भरलेली मोठी करंजी, यांच्या मधला वेळ. एवढ्यात कितीसे अंतर कापणार, असे डेसने विचारले. घाई असणाऱ्यांसाठी हायवे आहेच, असे ग्लेनिसबाईंनी सांगितले आणि डेसकडे जरा संशयाने पाहिले.

तिसऱ्या आणि चौथ्या बैठकीत हायवे ओलांडण्याचा प्रश्न आला. आडवाट झाली तरी ती कुठेतरी हायवेला छेदतेच. मग ओलांडणे म्हणजे वापरणे होते काय? बराच ऊहापोह होऊन असे ठरले की हायवेशी आल्यावर इंजिन बंद करावे, खाली उतरावे आणि गाडी ढकलत न्यावी. गाडी ढकलणारा इसम पादचारी समजला जाईल.

यानंतर नदी आली. वालारिना मरे नदीच्या अलीकडे, समुद्राकाठी. टोलाबंग नदीच्या पलीकडे, दूर व्हिक्टोरिया राज्याच्या डोंगरांत. नदीवर पूल आहेत, पण प्रत्येक पुलावरून कुठला ना कुठला हायवे जातो. तेव्हा पूल हा हायवेचाच अवयव आहे, असे मानून उपसमितीने पूल वगळले. उरल्या सरकारी फेरीबोटी, पोलादी दोराला बांधलेल्या, दिवसरात्र या काठावरून त्या काठावर जाणाऱ्या. बोट हा रस्ता नसल्याने तिच्यावर कोणताही आक्षेप येऊ शकत नव्हता.

डेसने काढलेल्या नकाशात एकच बोट होती, मॅनम गावची. तिच्यातून पलीकडे जायचे आणि पुढे माळरानातून पूर्वेला निघायचे. नकाशा साधा होता, म्हणून तो अपुरा ठरला. नदीच्या अलीकडच्या काठावर वरच्या अंगाला एक बेकरी आहे आणि तिथल्या कस्टर्ड भरलेल्या व्हॅनिला स्लाइसचा थरथराट पाहिल्याशिवाय पुढे जाणे हा अपमान होईल, असे रॉलीने निदर्शनास आणले. त्यामुळे दुसऱ्या बोटीने अलीकडे आणि तिसऱ्या बोटीने पुन्हा पलीकडे जाण्याची दुरुस्ती मंजूर झाली. शेवटच्या बैठकीत, खुर्च्यांच्या घड्या घालणे सुरू झाले असताना, ग्लेनिसबाईंना आठवले की नदीचे पिवळे कडे दुपारच्या उन्हात अलीकडच्या काठावरूनच चांगले दिसतात. चौथी बोट बसवण्यात आली. रॉलीने खुर्ची काखेत धरून अनुमोदन दिले.

दुसऱ्या दिवशी जेवताना डेसच्या मनात काहीतरी टोचत राहिले. त्याने टेबलावर सुरी आडवी ठेवली, ती नदी. सुरीच्या पलीकडे मिठाची डबी ठेवली, ती नोला. मग टोमॅटो सॉसची बाटली घेऊन तो निघाला. सुरीच्या पलीकडे, अलीकडे, पलीकडे, अलीकडे. बाटली त्याच्या ताटाशी येऊन थांबली. त्याने पुन्हा करून पाहिले. बाटली पुन्हा ताटाशीच आली. मिठाची डबी होती तिथेच होती.

तो तडक ग्लेनिसबाईंकडे गेला. रॉली तिथे चहाला आलेलाच होता.

“ग्लेनिस, चौथ्या बोटीनंतर आपण आपल्याच बाजूला येतोय.”

“कडे कुठल्या बाजूनं चांगले दिसतात?”

“आपल्याच.”

“मग?”

“रॅली पलीकडे आहे.”

ग्लेनिसबाईंनी चष्मा काढून पुसला. “हे बघ डेस, आपली उपसमिती मार्गाची आहे. देखावा, वळणं आणि खाणं. पोहोचणं आपल्या कार्यकक्षेत येत नाही. तो विषय सर्वसाधारण सभेचा.”

सर्वसाधारण सभा रॅलीनंतर होती.

पाचवी बोट घालावी, असे डेसने सुचवून पाहिले. दुरुस्त्यांची मुदत काल संपली होती. शिवाय ज्या बोटी उरल्या होत्या त्या गाठायच्या तर हायवेवरून जावे लागत होते, आणि वापरलेली बोट पुन्हा वापरणे म्हणजे तेच पाणी पुन्हा पाहणे. रॉलीने मायेने डेसच्या खांद्यावर हात ठेवला. नकाशावर चौथ्या बोटीचा धक्का आणि पुढच्या मार्गाची रेघ यांच्यामध्ये जेमतेम नखाएवढी निळी पट्टी होती.

“नखासाठी ठराव बदलायला सांगतोस, लेका?”

डेस घरी निघाला. नदी प्रत्यक्ष समोर आल्यावर तरी ती मंडळींना दिसेल, अशी त्याला आशा होती.

ठरल्या दिवशी क्लब निघाला. रस्ते उत्तम निघाले, म्हणजे व्याख्येप्रमाणे. मातीच्या वाटेवर पुढच्याच्या चाकाची धूळ मागच्याला मिळत होती आणि देखावा फक्त पहिल्या गाडीवरच्या ग्लेनिसबाईंना दिसत होता. दर थांब्यावर त्या तो इतरांना सांगत. हायवे आला तेव्हा सगळ्यांनी इंजिने बंद केली आणि ओळीने गाड्या ढकलायला सुरुवात केली. तीन डबे जोडलेला एक अजस्र ट्रक कर्कश ब्रेक लावून थांबला. ड्रायव्हरने डोके बाहेर काढले.

“सगळ्यांच्या एकदम बंद पडल्या?”

“आम्ही पादचारी आहोत,” ग्लेनिसबाई म्हणाल्या.

ड्रायव्हरने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मिरवणूक पुढे जाईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

पहिली बोट झाली. दुसरी झाली. स्लाइस थरथरली, रॉलीच्या डोळ्यांत पाणी आले. तिसरीही झाली. शुक्रवार उजाडला आणि सकाळच्या चहानंतर क्लब चौथ्या बोटीवर चढला. पाण्यावर पाणपक्षी तरंगत होते, दोर कुरकुरत होता आणि डेसच्या पाठीमागे, पूर्वेला, टोलाबंगची दिशा हळूहळू लांब जात होती. अलीकडचा काठ आला. फळी खाली पडली. मंडळी गाड्या सुरू करून उतरली, कडे पाहून एकमेकांना दाखवू लागली आणि मग नकाशातली पुढची रेघ शोधू लागली. ती नदीच्या पलीकडे होती.

डेसने गाडी सुरूच केली नव्हती. तो बोटीवर उभा होता.

“उतरायचं नाही का?” बोटवाल्याने विचारले.

“नाही.”

काठावरून ग्लेनिसबाईंच्या ते लक्षात आले. त्या धक्क्याच्या टोकापर्यंत चालत आल्या. “डेस, पाचवी फेरी मंजूर नाही.”

“मी कुठं फेरी करतोय, ग्लेनिस? मी नुसता उभा आहे. बोट जातेय.”

ग्लेनिसबाईंनी नियम आठवून पाहिले. उभे राहण्याविरुद्ध काहीही मंजूर झालेले नव्हते. फळी वर उचलली गेली. रॉलीने हात हलवला आणि वाटेत चांगली बेकरी लागली तर कळव, असे ओरडून सांगितले.

पलीकडे उतरताच डेसने सरळ हायवे गाठला. तो दिवसभर गाडी चालवत राहिला, रात्री एका मोटेलात झोपला आणि शनिवारी पुन्हा निघाला. दुपारी दोननंतरही थांबला नाही. वळण आले की त्याचे कारण त्याला लगेच दिसत असे आणि उगाच बरे वाटत असे. डोंगरांत पोहोचेस्तोवर उन्हे उतरली होती. शेवटच्या घाटात कडेला कांगारू उभे राहून त्याच्याकडे पाहत होते, पण एकाही कांगारूने हरकत घेतली नाही.

शेकोटी पेटली होती. नोला तिथे होती. तिच्या शेजारी खुर्ची होती आणि खुर्चीमागे तिची बहीण हातात उशी घेऊन आभाळाकडे पाहत उभी होती. डेस बसला तेव्हा पश्चिमेला अजून बोटभर उजेड होता. बहिणीने तो नीट तपासला आणि ती उशीसकट निघून गेली.

“कुठून आलास?” समोरच्या एका दाढीवाल्याने विचारले. सगळे ऐकू लागले.

“हायवेनं,” डेस म्हणाला.

कोणीतरी विस्तवात लाकूड सारले. दाढीवाल्याने आपली खुर्ची थोडी पलीकडे सरकवली.

नोलाने मात्र डेसकडे वळून पाहिले. “हायवेनं? सगळ्यांदेखत सांगतोयस?” ती हळू आवाजात म्हणाली. “माझ्यासाठी आलास तसा?”

डेसने मान डोलावली. नोलाने त्याच्या हातात बर्गर ठेवला. त्यात बीट होते.

जेवण होता होता रॉलीचा फोन आला. मंडळी अजून नदीकाठीच होती. पुढे वाट नाही म्हटल्यावर ग्लेनिसबाईंनी क्लब जिथे तिथे रॅली, असा ठराव मांडला होता आणि तो मंजूर झाला होता. बक्षीस समारंभही उरकला होता. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे नंबर वालारिनाचेच आले होते; सर्वांत लांबून आलेल्याचा कपसुद्धा. रॉलीचा आवाज समाधानी होता.

“तुझं नाव गैरहजरांत टाकलंय,” तो म्हणाला. “वाईट वाटून घेऊ नकोस. तू आला असतास तर मजा आली असती.”

फोन ठेवल्यावर नोलाने खुर्ची आणखी जवळ ओढली. तिचा बेत तयार होता. दोघी बहिणी ज्या कॅरव्हॅनने आल्या होत्या ती बहीण घरी घेऊन जाणार होती आणि नोला स्वतः डेसच्या मागे बसून वालारिनाला येणार होती, समुद्र पाहायला. तिने अंगावरच्या जाकिटातून नकाशा काढला आणि दोघांच्या गुडघ्यांवर पसरला. त्यावर पेन्सिलीने वाट आखलेली होती, नाजूक, नागमोडी, जागोजागी बेकऱ्यांच्या खुणांची.

“हायवे नाही हं,” ती म्हणाली. “मी वर्षभर बसून काढलाय. बघ की, नदीवर तर किती गंमत आहे.”

डेसने हाताचे बोट रेघेवरून फिरवत नेले. घरी जायचे तर नदी ओलांडून वालारिनाच्या काठाला उतरायला हवे होते. एक फेरीबोट. रेघ काठाकाठाने वर गेली, एका बेकरीपाशी रेंगाळली. दुसरी फेरीबोट, पुन्हा टोलाबंगच्या काठाला. तिथून रेघ सरळ वालारिनाला गेली होती, नखाएवढी निळी पट्टी ओलांडून.

त्याने दोनदा मोजले. नोला त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

“सुंदर आहे,” डेस म्हणाला. “अगदी असाच जाऊ.”

डेसने चूक केली, तिथल्या तिथे सरळ सांगून टाकायला हवे होते, असे ज्या वाचकांना वाटत असेल त्यांचे म्हणणे क्लबच्या पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात येईल. सभा एवढेच विचारील, की सरळ मार्गाची एवढी आवड असताना आपण शेवटच्या ओळीवर थेट न येता इथवर या वाटेने कसे आलात?