अर्धी घासाघीस

भंडाऱ्याच्या शोरूममध्ये मोतीलाल निनावे खुर्चीवर टेकले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "वा! गाडी तं लयच झकास आहे. असी गाडी दुसरीकडं भेटतच नाही."

समोरच्या अश्वजितने गाड्या विकताना नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. भाव ऐकायच्या आधीच खूश झालेलं हे पहिलंच. त्याने भाव सांगितला.

"बराबर आहे," मोतीलाल म्हणाले. "एवढ्या मालाले एवढे पैसे लागनारच." आणि ते वाट पाहत बसले.

मोहाडीच्या बाजारात वांगी घ्यायची असोत की पोराच्या लग्नाची भांडी, नवरा-बायकोची वाटणी ठरलेली होती. मोतीलालांनी मालाची तारीफ करायची. कौशल्याबाईंनी खोट काढायची, नाक मुरडायचं आणि त्यांचा दंड धरून "चला जी, उठा" म्हणत ओढून न्यायचं. मोतीलालांनी मागे वळून मालाकडे बघत जायचं. दुकानदाराला वाटायचं, माणूस घ्यायला तयार आहे, बाईच तेवढी आडवी येते. बाईपुरता भाव उतरवू. निनाव्यांचा सगळा संसार असाच स्वस्तात उभा राहिला होता.

कौशल्याबाईंना जाऊन एक पावसाळा उलटला होता. मोतीलालांना आपली अर्धी घासाघीस तेवढी येत होती.

गाडीचे पैसे कौशल्याबाईंचेच होते. हातमागासाठी सुताच्या कांड्या भरून त्यांनी ते पोस्टात साठवले होते, कारण काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन माहेरी, करडीला जायचा त्यांना वीट आला होता. गाडी घ्यायची, पण बायकोच्या पैशात फसायचं नाही, एवढं एकच मोतीलालांनी घरून निघताना ठरवलं होतं.

"काकाजी, सीट कव्हर टाकून देऊ?"

"टाक ना. सीट लय मस्त आहे, खराब नाही झाली पायजे."

"आन् खालून कोटिंग? गंज नाही लागत."

"हा, हे चांगलं आहे," म्हणत मोतीलालांनी डावीकडे, कौशल्याबाईंच्या नेहमीच्या जागेकडे पाहिलं. डावीकडे कोणी नव्हतं. तोवर अश्वजितने कोटिंग जोडलं होतं. मग मॅट आल्या, वाढीव वॉरंटी आली, गाडीत वास सुटायची बाटली आली. भाव चढत चालला तसा मोतीलालांना घाम फुटला. शेवटी त्यांनी दोन्ही कामं एकट्यानेच करायचं ठरवलं.

"पन महाग आहे, बाप्पा," ते म्हणाले. आणि अश्वजितने तोंड उघडायच्या आत पुढे म्हणाले, "महाग आहे, पन चीज आहे!"

"मंग काकाजी, मागचा कॅमेरा पन टाकूनच टाकू."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एक बाई कडाडल्या. त्या कारध्याच्या उषाबाई. नवऱ्याला, घनश्यामांना, घेऊन त्याच गाडीचा भाव करायला आल्या होत्या. "एवढे पैसे कायले? पत्रा पाह्यला का, पापडावानी आहे! चला जी, उठा!"

घनश्याम उठले. मोतीलालही उठले. पायांना ते वाक्य पाठ होतं. पुढे उषाबाई, त्यांच्या मागे घनश्याम, त्यांच्या मागे गाडीकडे वळून बघत मोतीलाल, अशी रांग दाराबाहेर पडली.

अश्वजितला धडकीच भरली. त्याला वाटलं, तिघं एकाच घरचे. "काकाजी, थांबा! काकीजी, कोटिंग फुकट देतो!"

मोतीलाल थबकले. उषाबाईंनी वळून पाहिलं.

"तुमी कोन जी?"

"मी... तुमी चला म्हनलं ना."

उषाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग धावत येणाऱ्या अश्वजितकडे. "मंग थांबले काहून? पयल्या हाकेले फिरत नसते. चला!"

तिघं रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. अश्वजित मॅनेजरला घेऊन आला आणि दोन्ही गाड्यांचा भाव तिथेच झाला. वॉरंटी गेली, कॅमेरा गेला, सीट कव्हर फुकटात आलं, वर गाडीचा भावही चांगलाच उतरला. मध्ये एकदा मोतीलाल "गाडी मातर झकास..." म्हणायला गेले, तेव्हा उषाबाई ओरडल्या, "चूप बसा जी तुमी!" मोतीलाल अगदी आनंदाने चूप बसले.

मॅनेजर गेल्यावर उषाबाई नवऱ्याकडे वळल्या. "तरी महागच पडली. तुमच्या भरवश्यावर असतो तं घर इकाव लागलं असतं."

घनश्यामांचं तोंड उतरलं. ते मोतीलालांच्या कानाशी लागले. "तुमचं बरं आहे, भाऊ. एकटेच आले. मले आता घरापावतर हेच आयकाव लागते."

मोतीलालांनी चहाचा कप खाली ठेवला. कौशल्याबाईही काही घेतलं की थेट मोहाडी येईपर्यंत हेच ऐकवायच्या. आता मोहाडीपर्यंतचा सगळा रस्ता एकट्याने, मुकाट्याने काटायचा होता.

"बाई," ते म्हणाले, "मले बी सांगा ना. मी बी महागच घेतली का?"

घनश्यामांना वाटलं, हा माणूस वेडा आहे. उषाबाई पदर खोचून मोतीलालांकडे वळल्या.

"तुमी? तुमी तं पुरेच लुटल्या गेले, भाऊ! दुकानात जाऊन कोनी मालाची तारीफ करते का? काही समजते का तुमाले?"

"नाही ना," मोतीलाल म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "आनखी बोला." आणि त्यांनी तिघांसाठी दुसरा चहा सांगितला.