एकशे बारा नंबरचं फूल

या, असे जवळ सरकून बसा. थंडी आहे, पाय पोटाशी घ्या आणि कान तेवढे इकडे द्या. एका लग्नाची गोष्ट ऐकवायची आहे. ऐन हिवाळ्यातलं लग्न, हॉलभर फुलं, आणि त्यात ताजं म्हणावं असं एकही नाही. ऐकताना हसू आलं तर दाबू नका. देवाला हसणारी माणसं आवडतात.

तर, कडककाकांची लॉन्ड्री होती. हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलेलं. त्यांच्या हातून गेलेला शर्ट आत माणूस नसतानाही खुर्चीत ताठ बसू शके. स्वतः काका मात्र भलतेच मऊ. समोरच्याने आवाज जरा चढवला, की यांची घडी मोडलीच.

या काकांना एकुलती एक लेक. पोरगी गुणाची, पण फुलांशी उभा दावा. साधं रानफूल जवळून गेलं तरी सात शिंका. गुलाब असेल तर मोजणं सोडून द्यायचं. डोळे सुजायचे, नाकाचा टोमॅटो व्हायचा. आणि भगवंताची लीला बघा, हिचं मन जडलं ते कुणावर? गुलाबांची नर्सरी असलेल्या बाईंच्या मुलावर! तो बिचारा हिला भेटायला येण्याआधी दोनदा अंघोळ करायचा.

लग्न ठरवायच्या बैठकीत विहीणबाईंनी पहिला तोफगोळा टाकला. "माझ्या मुलाच्या लग्नात गुलाब नाहीत? माझ्या काचघरात भर थंडीत चार हजार गुलाब फुललेत. ते काय शेळ्यांना घालू?"

लेकीने बापाकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं कोण जाणे, पण काकांच्या मानेला आयुष्यात पहिल्यांदा खळ चढली. "हॉल मी सजवतो," ते म्हणाले. "ताजं फूल एकही नाही. पण भिंत दिसणार नाही, इतकी फुलं."

"कशाची?"

कशाची ते काकांनाही माहीत नव्हतं. "ते माझ्यावर सोडा."

"सोडते की. पण माझी गाडी गुलाब भरून हॉलच्या दाराशी उभी असेल. भिंत दिसली, की गुलाब आत. मग तुमची लेक शिंको नाहीतर खोको."

म्हणजे हिशेब सरळ होता. लग्न लागेपर्यंत भिंती झाकलेल्या राहिल्या तर पोरगी हसत नवऱ्याचा हात धरणार. नाहीतर सुजल्या डोळ्यांनी, नवरा कुठला आणि व्याही कुठला हे चाचपडत.

घरी आल्यावर काका दुकानातल्या मोठ्या कपाटासमोर जाऊन उभे राहिले. त्यात होते लोकांनी टाकलेले आणि न्यायला विसरलेले कपडे. शर्ट, पडदे, उशांचे अभ्रे, टेबलावरच्या चादरी. काहींना तर पंचवीस वर्षं झालेली. काकू दर हिवाळ्यात ते बाहेर काढायच्या, उन्हं दाखवायच्या आणि पुन्हा घडी घालून ठेवायच्या.

"अहो, काय बघताय एवढं?"

"फुलं," काका म्हणाले.

काकूंनी आधी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग त्यांच्या लक्षात आलं. "लोकांच्या कपड्यांना कात्री लावणार?"

"छे! कात्री कशाला? चुण्या घालायच्या, गोल वळवायचं, खालून एक कच्चा टाका. वरून खळ आणि इस्त्री. उद्या मालक आला, दोरा ओढला, की फुलाचा पुन्हा शर्ट."

"आणि नंबर हो?"

आता हा नंबर म्हणजे काय, ते ऐका. काकांच्या दुकानात प्रत्येक घराला एक कायमचा नंबर असे. कधीही न जाणाऱ्या काळ्या शाईने तो प्रत्येक कपड्याच्या काठावर लिहिलेला. लोकांना तो जन्मतारखेसारखा पाठ. काकांना माणसं चेहऱ्याने ओळखू येत नसत. पण नंबर सांगा, की तुमच्या तीन पिढ्यांचे डाग तोंडपाठ. आणि दुकानाचा नियम एकच, नंबर सांगणाऱ्याला कपडा द्यायचा. उलटतपासणी नाही, वाद नाही. तीस वर्षांत हा नियम मोडला नव्हता.

"नंबर आतल्या घडीत जाईल," काका म्हणाले. "कोण उघडून बघतंय?"

महिनाभर नवराबायको फुलं वळत होती. पडद्यांची झाली मोठी, शर्टांची मधली, रुमालांच्या कळ्या. तीनशे बारा फुलं! एकूण एक कडक. त्यातलं एक पडलं तर टणकन आवाज यायचा.

लग्नाच्या सकाळी हॉलची एक वीतही भिंत दिसत नव्हती. नवरानवरी उभी राहायची त्या मंचाच्या मागे, अगदी मधोमध, सगळ्यांत मोठं फूल होतं. जांभळ्या लोकरीचं, केशरी काठाचं. विहीणबाई आल्या, चारी बाजूंनी फिरल्या, एका फुलावर टिचकी मारून पाहिली.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. पण गाडी काही माघारी पाठवली नाही.

बाहेर धुकं असं दाटलं होतं की पाहुणे धुक्यातूनच घडवून आत सोडल्यासारखे येत होते. दार उघडलं की पाहुण्याबरोबर धुकंही आत. गावातले निम्मे लोक आले आणि निम्मं धुकंही आलं. आता खळ आणि ओल यांचं काय नातं असतं, हे तीस वर्षं लॉन्ड्री चालवलेल्या माणसाला कळायला नको? पण बापाचं काळीज त्या दिवशी थाऱ्यावर नव्हतं. खळ हळूहळू नरमली. घड्या सैलावल्या.

"अगं बाई, फुलं उमलतायत!" कुणीतरी ओरडलं.

खरंच उमलत होती. एकेक पाकळी बाहेर झुकत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका कृतार्थ झाले. डोळे मिटून त्यांनी वर हात जोडले. डोळे उघडतात तोच शाळेच्या हेडबाई भिंतीशी नाक लावून उभ्या.

"हे तेवीस ना हो?" त्या म्हणाल्या. "तेवीस म्हणजे आम्ही. कडककाका, हा माझा अभ्रा!"

"बाई, लग्न लागू दे, मग सावकाश..." तोंड असं म्हणत होतं. पण नंबर कानावर पडला होता, आणि तीस वर्षांची सवय लागलेला हात पुढे गेला होता. दोरा ओढला. फुलाचा अभ्रा झाला. काकांनी तो खिशातल्या कागदात गुंडाळून अदबीने दिलासुद्धा!

मग काय विचारता! बँकेच्या साहेबांनी दिमाखात पुकारलं, "चौसष्ट! ते पांढरं!" काकांनी दोरा ओढला. भर मांडवात लोकरीची लांबलचक आतली विजार लोंबू लागली.

"ही माझी नव्हे," साहेब लाल होऊन म्हणाले.

"नंबर चौसष्टच आहे, साहेब."

"तुमचीच आहे," त्यांच्या बायकोने निकाल दिला. "गुडघ्याला ठिगळ कुणी लावलंय? मीच ना?"

थंडी मी म्हणत होती. साहेब विजार घेऊन मागच्या खोलीत गेले आणि बरेच सुखी होऊन परत आले. ते पाहून लोकांना धीर आला. कुणाचा स्वेटर निघाला, कुणाचा कोट. नऊ नंबरचे दोन भाऊ वेगळे निघाल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. ते एका चादरीची दोन टोकं धरून पंधरा वर्षांनी प्रथमच बोलू लागले. काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

काका शिडीवर चढून उरलेली फुलं विरळ करत होते. इकडची दोन तिकडे, तिकडची चार इकडे. बाजूच्या खोलीच्या दारातून नवरीने डोकं काढलं.

"बाबा, गुलाब आत आणले का हो? माझं नाक हुळहुळतंय."

"नाही गं बाळा. दहाच मिनिटं. तू नाक धरून बस."

पण विहीणबाईंची नजर घारीची. "खिडकीच्या वर भिंत दिसली," त्यांनी जाहीर केलं. "खांबाजवळही दिसली. अहो, ऐकलंत का? पहिली टोपली दाराशी आणा."

त्यांचे यजमान मुकाट्याने बाहेर गेले. मंचामागच्या शिडीवरून काकांना दारातून लाल लाल काहीतरी येताना दिसलं. बाई तरातरा मंचावर आल्या.

"उतरा काका. सुरुवात इथूनच करू. हे मधलं जांभळं आधी काढा. गुलाब..."

आणि बाई थांबल्या. जांभळ्या लोकरीची एक पाकळी खाली लोंबली होती. तिच्या केशरी काठावर स्वच्छ लिहिलं होतं, एकशे बारा.

काकांनी वरून वाचलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद उमटला, जसा फक्त हरवलेलं गिऱ्हाईक सापडल्यावर लॉन्ड्रीवाल्याच्या चेहऱ्यावर उमटतो.

"एकशे बारा! तळ्यासमोरचं घर, पिवळं दार! अहो, म्हणजे तुम्ही एकशे बारा?"

"हळू बोला!"

"बावीस वर्षं झाली. एक शाल, जांभळी, खांद्यावर चहाचा डाग. डाग गेला बरं का! थांबा, आत्ता देतो."

"हात लावू नका म्हणते ना!"

काका चक्रावले. पण तुम्ही चक्रावू नका, कारण तुम्हाला आतली गोष्ट सांगायला हरकत नाही. ही शाल बाईंनी स्वतःच्या हातांनी लॉन्ड्रीत टाकली, आणि पुढे मुलाचा ताप, घर बदलणं, या गडबडीत साफ विसरल्या. थंडी पडल्यावर शाल आठवली. कुठे टाकली ते आठवलं नाही. शालीचं सगळ्यांत जास्त कौतुक केलं होतं त्यांच्या नणंदेने. झालं! शाल नणंदेच्या ट्रंकेत गेली, असं बाईंनी ठरवून टाकलं. बावीस हिवाळे टोमणे. "आमच्या घरात उबेच्या वस्तूंना पाय फुटतात हो!" आणि नणंद एवढी साधी, की दर थंडीला वहिनीसाठी स्वतःच्या हाताने काहीतरी विणून आणायची. आजही मंचासमोर पहिल्याच खुर्चीवर बसली होती, मांडीवर नव्या हातमोज्यांची पुडी घेऊन.

"वहिनी," ती खालून म्हणाली, "सगळे मघापासून काय वाचतायत गं? मी मेली चष्मा विसरले. तळ्यासमोर राहायचो तेव्हा आपलाही नंबर होता ना? एकशे किती?"

"एकशे कुठला, वन्सं! आपण सगळं घरीच धुवायचो."

"नाही कसं?" काका भाबडेपणाने म्हणाले. "दर मंगळवारी तुमचं गाठोडं..."

"काका, शिडीकडे लक्ष द्या, पडाल!" बाईंनी शिडी धरली. धरली की हलवली, हे देवालाच ठाऊक.

"पण मालक समोर असताना कपडा अडवून ठेवणं पाप आहे हो," काका कळवळून म्हणाले. "मी ही शाल काढून चारचौघांत तुमच्या हातात देतो. जागा मोकळी होईल, तिथे लावा तुमचे गुलाब. माझी हार मला कबूल आहे."

बाईंनी काकांकडे रोखून पाहिलं. इतका बेरकी माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. आणि काका तर मनात फक्त नाक धरून बसलेल्या लेकीला आठवत होते.

गुलाब लावायचे तर हे फूल काढावं लागणार. काढलं, की शाल. शाल, की पहिल्या खुर्चीवरची नणंद. बाई लोकांकडे वळल्या.

"ऐका सगळे!" त्यांचा आवाज हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ही सजावट मला अतिशय आवडली आहे. एकही फूल हलणार नाही. नेलेलं प्रत्येक फूल जागेवर परत! अहो, ती टोपली बाहेर न्या. लांब न्या. घरीच घेऊन जा गाडी!"

"पण तूच म्हणालीस..." यजमान म्हणाले.

"मी काही म्हणाले नाही!"

वरमाईशी वाद कोण घालणार? काकू सुईदोरा घेऊन फिरू लागल्या. नऊ नंबरच्या भावांनी चादर मिळून धरली आणि तिचं फूल मिळून वळलं. फक्त बँकेचे साहेब जागचे हलेनात.

"माझं परत देता येणार नाही," ते पुटपुटले.

"का?"

"घातलीय."

"मग भिंत उघडी पडलीय तिथे टेकून उभे राहा," विहीणबाईंनी हुकूम सोडला. "आणि ज्यांनी ज्यांनी घातलंय त्यांनीही."

असं ते लग्न लागलं. अर्ध्या भिंतीवर फुलं आणि अर्ध्या भिंतीवर माणसं. नवरीने नवऱ्याचा हात धरला, शब्द दिले-घेतले, आणि एक शिंक म्हणाल तर नाही. काका कोपऱ्यात उभे राहून स्वतःच्याच कडक बाहीला डोळे पुसत होते. ती काही टिपत नव्हती. आजही ते सांगतात, विहीणबाई वरून रागीट, पण कलेची जाण असावी तर अशी!

पाहुणे निघाले तेव्हा नणंदबाई मंचाजवळ घुटमळल्या.

"वहिनी, हे मोठं फूल मला देतेस आठवणीला? रंग बाई किती ओळखीचा वाटतो."

विहीणबाईंनी आजूबाजूला पाहिलं. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. काकांचा हात सवयीने दोऱ्याकडे निघाला होता. तो त्यांनी वरच्यावर धरला आणि फूल अख्खं उतरवून नणंदेच्या हातात दिलं.

"घ्या वन्सं. फक्त दोरा ओढू नका. असंच ट्रंकेत ठेवा."

"ट्रंकेतच ठेवते," नणंद हरखून म्हणाली, आणि हातमोज्यांची पुडी वहिनीच्या हातात देऊन धुक्यात निघून गेली.

ज्या शालीसाठी बावीस वर्षं बोलणी खाल्ली, ती नणंदबाईंच्या ट्रंकेत गेली ती त्या दिवशी. गोष्ट एवढीच. आता निघा, पण एक करा. घरात कधी काही सापडेनासं झालं, आणि जिभेवर कुणाचं तरी नाव यायला लागलं, तर ते नाव घेण्याआधी घडीभर त्या नणंदबाईंना आठवा.